पक्के घर की चिवट घर?
वनांच्या अभ्यासातून जन्मलेली एक संकल्पना भारताच्या गृहनिर्माण धोरणाला कोणते प्रश्न विचारते

जून २०२४ मध्ये नव्या केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्या पहिल्याच बैठकीत ग्रामीण आणि शहरी भागांत मिळून तीन कोटी घरांसाठी अर्थसाहाय्य देण्याचा निर्णय घेतला. ऑगस्टमध्ये त्याचा तपशील स्पष्ट झाला. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०२८-२९ पर्यंत आणखी दोन कोटी आणि शहरी विभागात एक कोटी घरे, असे उद्दिष्ट ठरले. या दोन निर्णयांच्या दरम्यान, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, केरळमधील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै आणि चूरलमला परिसरावर दरड कोसळली. अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि वस्त्यांच्या वस्त्या पुसल्या गेल्या. त्यांत सिमेंटकाँक्रीटची पक्की घरेही होती.

या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि त्या शेजारी ठेवून पाहिल्या असता एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. पुढील काही वर्षांत उभी राहणारी कोट्यवधी घरे कोणत्या कसोटीवर उतरली म्हणजे ती यशस्वी ठरली, असे म्हणायचे? सरकारी अहवालांत घराचे वर्गीकरण प्रामुख्याने 'कच्चे' आणि 'पक्के' असे होते. विटा, दगड, सिमेंट आणि पत्रा वा स्लॅब असला की घर पक्के. माती, बांबू, गवत असले की कच्चे. हे वर्गीकरण मोजणीस सोयीचे आहे. परंतु भूकंप, पूर, चक्रीवादळ, भूस्खलन आणि उष्णतेच्या लाटा यांना सामोरे जाणाऱ्या देशात ते पुरेसे आहे काय, याबद्दल गंभीर शंका घेण्यास जागा आहे. या शंकेला शास्त्रीय रूप देणारी एक संकल्पना गृहनिर्माणशास्त्रातून नव्हे, तर परिसरशास्त्रातून आलेली आहे.

वनातून आलेला विचार

कॅनडाचे परिसरशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात 'स्थैर्य' आणि 'रेझिलियन्स' या दोन गुणांत स्पष्ट भेद केला. धक्का बसल्यानंतर एखादी व्यवस्था किती लवकर मूळ स्थितीला परत येते, ते तिचे स्थैर्य. याउलट, किती मोठे धक्के पचवूनही ती आपले मूळ कार्य व परस्परसंबंध टिकवून धरते, तो तिचा रेझिलियन्स. या दुसऱ्या शब्दासाठी मराठीत 'लवचीकता' हा शब्द रूढ होत असला, तरी 'चिवटपणा' हा शब्द त्याच्या आशयाच्या अधिक जवळ जातो. दूर्वा तुडवली जाते, वाळते आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटते. तिला कोणी भक्कम म्हणणार नाही. चिवट मात्र अवश्य म्हणेल.

हॉलिंग यांच्यासमोर कॅनडातील सूचिपर्णी अरण्यांचे उदाहरण होते. तेथे ठरावीक काळाने एका अळीचा प्रचंड प्रादुर्भाव होऊन झाडे मरत असत. इमारती लाकडाचे उत्पादन सुरक्षित राहावे म्हणून कीटकनाशकांची फवारणी सुरू झाली. झाडे वाचली. पण अळीला पोषक ठरणारी, एकसारख्या वयाची दाट झाडी अधिकाधिक क्षेत्रावर पसरत गेली आणि संपूर्ण अरण्य कायमच्या प्रादुर्भावाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. एका धोक्यावर मिळवलेल्या यशाने मोठ्या धोक्याची पूर्वतयारी केली होती.

या आणि अशा अभ्यासांतून पुढील काळात काही सूत्रे निष्पन्न झाली. विविधता असलेली व्यवस्था एकसुरी व्यवस्थेपेक्षा अधिक तग धरते. एकच कार्य करणारे अनेक घटक असले, म्हणजे एक निकामी झाला तरी दुसरा भार उचलतो. व्यवस्थेचे भाग परस्परांपासून काहीसे सुटे असले, तर एका भागाची हानी सर्वत्र पसरत नाही. दिसेल न दिसेल अशा गतीने बदलणारे घटकच अखेरीस व्यवस्थेचे भवितव्य ठरवतात. आणि एक मर्यादा ओलांडली गेली, की व्यवस्था अचानक निराळ्याच स्थितीत जाते व तेथून परतणे दुष्कर होते.

२००१ मध्ये स्टीफन कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चर्चेत एक कळीचा प्रश्न जोडला. चिवटपणा म्हणजे नेमका कशाचा, आणि कशाच्या विरोधात? गृहनिर्माणाच्या संदर्भात या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांकडे वळावे लागते.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे आठ हजार लोकांचा बळी गेला. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. एवढ्या तीव्रतेच्या मानाने मनुष्यहानी अतिशय मोठी होती आणि तिचे प्रमुख कारण घरांच्या रचनेत होते. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचे वजनदार माळवद, ही मराठवाड्यातील घराची रूढ घडण होती. धक्क्यासरशी भिंतींचे दगड सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले.

पण हीच घडण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवत होती. स्थानिक दगड, स्थानिक माती आणि गावातलेच गवंडी यांच्या बळावर ती उभी राहत होती. हे घर उष्णतेच्या बाबतीत चिवट होते. भूकंपाच्या बाबतीत घातक होते. त्या प्रदेशाची गणना तोवर भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात होत असल्याने बांधणाऱ्यांना या दुसऱ्या परीक्षेची कल्पनाही नव्हती. २००२ मध्ये सुधारलेल्या मानकात हा परिसर वरच्या विभागात नेण्यात आला. कार्पेंटर यांचा प्रश्न येथे अक्षरशः जीवनमरणाचा ठरतो.

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्यात दोन भिन्न वाटा होत्या. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे मुख्यतः ठेकेदार आणि देणगीदार संस्थांनी बांधली. सरळ रस्ते, चौकोनी भूखंड आणि ठरावीक आकाराची घरे, अशी त्यांची आखणी होती. नवी घरे जुन्यांपेक्षा भूकंपाला निश्चितच अधिक सुरक्षित होती. परंतु वाडा, ओसरी, गोठा, भावकीची एकमेकांस लागून असलेली घरे, शेताकडे जाणारी वाट या साऱ्यांतून विणलेले गावाचे अंतर्गत नाते त्या चौकटीत बसले नाही. पुढे कुटुंबांनी आपापल्या गरजेनुसार घरांत भर घातली, आणि ही भर सर्वत्र भूकंपाचे नियम पाळूनच झाली, असे म्हणता येत नाही.

तुलनेने कमी हानी झालेल्या गावांत मात्र निराळी पद्धत अवलंबण्यात आली. तेथे कुटुंबांना अर्थसाहाय्य आणि तांत्रिक मार्गदर्शन देऊन घरांची दुरुस्ती व बळकटीकरण त्यांच्याच हाती सोपवले गेले. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साह्याने गावोगावी महिला 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. हप्ता कधी मिळतो, पट्टी कोठे टाकायची, अभियंत्याला काय विचारायचे, याची माहिती त्या घरोघरी पोचवू लागल्या. २००१ च्या भूकंपानंतर त्यांतील अनेक जणी गुजरातमध्ये गेल्या आणि तेथील महिलांना त्यांनी आपला अनुभव सांगितला. मोठा वणवा शमल्यावर वाचलेल्या झाडांचे बी नव्या रानाचा आरंभ ठरते. परिसरशास्त्रज्ञ याला व्यवस्थेची 'स्मृती' म्हणतात. मराठवाड्यातील महिलांनी कच्छपर्यंत नेली ती हीच स्मृती होती.

कच्छने निवडलेली वाट

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाची तीव्रता ७.७ होती. गुजरातमध्ये अधिकृत आकड्यांनुसार १३,८०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि दहा लाखांहून अधिक घरांची हानी झाली. आरंभी तेथेही गावे नव्या जागी हलवण्याचा विचार पुढे आला होता. बहुसंख्य गावांनी त्याला नकार दिला. त्यानंतर राज्याने मुख्यत्वे मालकानेच घर बांधण्याचे धोरण स्वीकारले. रक्कम हप्त्याहप्त्याने थेट कुटुंबाच्या खात्यात जमा होई. पुढचा हप्ता मिळण्यापूर्वी अभियंता बांधकामाची तपासणी करी. गवंड्यांना भूकंपरोधक बांधणीचे प्रशिक्षण देण्यात आले. या पद्धतीने दोन लाखांहून अधिक घरे नव्याने उभी राहिली आणि त्याहून कितीतरी अधिक घरांची दुरुस्ती झाली.

या धोरणाचा विशेष असा, की सुरक्षिततेची अट सर्वांना समान होती, पण घर समान नव्हते. कोणी सिमेंटच्या ठोकळ्यांचे बांधले, कोणी सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांचे, तर बन्नी परिसरात पारंपरिक भुंगाही पुन्हा उभा राहिला. गोल भिंत आणि तिच्यावर शंकूच्या आकाराचे हलके छप्पर असलेल्या भुंग्यांनी भूकंपात तुलनेने चांगला टिकाव धरल्याचे तज्ज्ञांना आढळले होते. वर्तुळाकार भिंतीला कमकुवत कोपरे नसतात आणि कोसळलेच तर हलके छप्पर प्राणघातक ठरण्याची शक्यता कमी असते. भुजमधील हुन्नरशालासारख्या संस्थांनी या ज्ञानाला आधुनिक अभियांत्रिकीची जोड दिली. भुंगा टिकला तो परंपरेच्या अभिमानामुळे नव्हे, तर तपासून पाहिलेल्या उपयुक्ततेमुळे.

कच्छच्या अनुभवाला दुसरी बाजूही आहे. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना हे धोरण अधिक लाभले. भाडेकरू आणि जमिनीचा कागद नसलेल्या कुटुंबांचे प्रश्न अधिक काळ रेंगाळले. मालकाने बांधावे, हे तत्त्व जो मालकच नाही त्याच्यापाशी येऊन थांबते.

आपत्तीनंतरचे पहिले काही आठवडे हे परिसरशास्त्राच्या भाषेत 'पुनर्रचनेचे पर्व' असते. जुने विस्कटलेले असते, नवे अद्याप घट्ट झालेले नसते. या अल्प काळात घेतलेले निर्णय पुढील पन्नास वर्षांची चौकट ठरवतात. वायनाडमध्ये राज्य सरकारने कल्पेट्टा येथे नवी नगरवसाहत उभारण्याचा निर्णय घेतला आणि मार्च २०२५ मध्ये तिची पायाभरणी झाली. वसाहतीत घर नको असलेल्या कुटुंबांसाठी १५ लाख रुपयांचा पर्यायही देण्यात आला. कोसळलेल्या डोंगरउतारावर पुन्हा घरे बांधणे धोक्याचे असल्याने स्थलांतर तेथे अटळ होते. अशा ठिकाणी कसोटी वेगळी असते. नव्या वसाहतीत रोजगार, शेजार आणि घरात पुढे बदल करण्याची मुभा यांतील किती गोष्टी शिल्लक राहतात, यावर यश अवलंबून असते.

लाकूड, बोरू आणि बांबू

हानी एका भागापुरती मर्यादित ठेवण्याचे सूत्र भारतीय उपखंडातील काही घरांत स्पष्टपणे दिसते. काश्मीरमधील 'धज्जी देवारी' पद्धतीत भिंत म्हणजे लाकडी चौकटींची जाळी असते आणि तिच्या लहानलहान खणांत दगड-माती भरलेली असते. हादरा बसला की खणांतील भरणा थोडाथोडा हलतो, बारीक तडे जातात आणि धक्क्याची ऊर्जा शेकडो ठिकाणी विभागून जिरते. संपूर्ण भिंत एकाच वेळी कोसळत नाही. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर नियंत्रण रेषेपलीकडील पुनर्बांधणीत आरंभी सिमेंटच्या बांधकामावर भर होता. परंतु दुर्गम डोंगरी भागांतील लोकांनी आपण होऊन धज्जी घरे बांधण्यास सुरुवात केली आणि पुढे पाकिस्तानच्या पुनर्बांधणी यंत्रणेने त्या पद्धतीला अधिकृत मान्यता दिली.

ईशान्येतही असाच इतिहास आहे. १२ जून १८९७ च्या महाभूकंपात शिलाँगमधील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यानंतर लाकडी सांगाडा, बोरूसारख्या इक्रा गवतावर मातीचा गिलावा केलेल्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर अशी 'आसाम पद्धतीची' हलकी घरे सर्वत्र रूढ झाली. १८ सप्टेंबर २०११ च्या सिक्कीम भूकंपातही अशा घरांनी अनेक नव्या काँक्रीट इमारतींपेक्षा चांगली कामगिरी केली. मात्र गुवाहाटी आणि शिलाँगमध्ये जमिनीच्या किमती वाढल्या, तशी या घरांची जागा बहुमजली इमारतींनी घेतली. शतकभरापूर्वी मोठी किंमत देऊन मिळालेली स्मृती अशा रीतीने पुसट होत आहे.

ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील माजुली बेटावर मिसिंग समाजाचे 'चांग घर' बांबूच्या खांबांवर उभे असते. पुराचे पाणी खालून वाहते. पाणी वाढल्याचा अनुभव आला की पुढील बांधणीत जमिनीपासूनची उंची वाढवली जाते. नदीने काठ कापत आणला, तर घराचे भाग सुटे करून अन्यत्र नेता येतात. येथे 'कच्चे' घर धोका ओळखून हलू शकते आणि 'पक्के' घर नदीत जाते. बांबूचे आयुष्य मर्यादित आहे, आगीचा धोका आहे, दुरुस्ती सतत करावी लागते, हेही तितकेच खरे. पण दर काही वर्षांनी करावी लागणारी ही दुरुस्तीच बांधण्याचे कौशल्य जिवंत ठेवते.

या उदाहरणांवरून 'जुने ते सोने' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. किल्लारीचे माळवदही परंपरागतच होते. हिमाचल प्रदेशातील 'काठकुणी' घरे भूकंपात उत्तम टिकतात; परंतु त्यांना लागणारे देवदाराचे लाकूड आज सर्वांना पुरेल एवढे उपलब्ध नाही. परंपरेची उपयुक्तता तिच्या वयावर नव्हे, तर बदललेल्या परिस्थितीत ती तपासून घेण्यावर अवलंबून असते.

दिसत नाही ते बदलते

जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडमधील जोशीमठ शहरात आठशेहून अधिक इमारतींना तडे गेल्याचे आढळले आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. घटना अचानक घडल्यासारखी वाटली. तिची कारणे मात्र जुनी होती. हे शहर पुरातन भूस्खलनाच्या राडारोड्यावर वसलेले असून तेथे जड बांधकामे टाळावीत, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. मधल्या काळात इमारतींचे ओझे वाढत गेले आणि सांडपाणी व पावसाचे पाणी वाहून नेण्याची व्यवस्था अपुरी राहिली. प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे पाहिली तर कदाचित पक्कीच होती. ज्या उतारावर ती उभी होती, त्याची सहनशक्ती मात्र वर्षागणिक घटत होती. संथपणे बदलणाऱ्या घटकांचे आणि ओलांडल्या जाणाऱ्या मर्यादेचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण.

उष्णता हा असाच दुसरा घटक. मे २०१० मधील लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्यासाठी कृती आराखडा स्वीकारला. पत्र्याच्या किंवा पातळ काँक्रीटच्या छताखालील एका खोलीचे घर उन्हाळ्यात रात्रीही तापलेले राहते. छताला पांढरा परावर्तक लेप देण्यासारखे स्वस्त उपाय उपलब्ध आहेत. तेलंगणाने २०२३ मध्ये 'शीतछत' धोरण जाहीर केले. परंतु घर भूकंपाला पक्के असावे, एवढ्याच निकषावर आखलेल्या योजना उष्णतेच्या कसोटीकडे दुर्लक्ष करतात, तेव्हा किल्लारीची गोष्ट उलट्या दिशेने पुन्हा घडते.

ओडिशाचा अनुभव आणखी एक बाजू दाखवतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे अधिकृत आकड्यांनुसार सुमारे दहा हजार लोक मरण पावले. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, किनारपट्टीवरील निवारे आणि इशाऱ्यांची यंत्रणा उभी केली. मे २०१९ च्या 'फनी' वादळापूर्वी सुमारे बारा लाख लोकांना हलवण्यात आले आणि मृतांची संख्या ६४ वर राहिली. हे यश असाधारण आहे. घर पडले तरी निवारा आहे, म्हणजे एकाच कार्यासाठी दुसरी व्यवस्था सज्ज आहे. तथापि त्याच वादळात पाच लाखांहून अधिक घरांची हानी झाली. माणसे वाचली आणि पुन्हा शून्यापासून घर बांधण्यास लागली. राज्याच्या पातळीवर चिवट ठरलेली व्यवस्था कुटुंबाच्या पातळीवर तशी असेलच, असे नाही.

उपमेची मर्यादा

येथेच परिसरशास्त्राची उपमा काळजीपूर्वक वापरण्याची आवश्यकता निर्माण होते. अरण्यात वणवा लागतो, झाडे जळतात आणि अरण्य टिकते. अरण्याच्या दृष्टीने ही नूतनीकरणाची प्रक्रिया असते. वस्तीच्या बाबतीत असे म्हणता येणार नाही. वस्ती टिकली, पण त्यातील एक कुटुंब गाडले गेले, तर त्या कुटुंबाच्या दृष्टीने काहीच टिकलेले नसते. निसर्ग एकेका झाडाचा हिशेब ठेवत नाही. कल्याणकारी राज्याला प्रत्येक घराचा हिशेब द्यावा लागतो.

दुसरा धोका राजकीय आहे. लोक चिवट आहेत, ते पुन्हा उभे राहतील, अशा कौतुकाच्या आड त्यांना वाऱ्यावर सोडण्याची सोय दडलेली असू शकते. दरवर्षी पुरात घर गमावून ते पुन्हा बांधणारे कुटुंब चिवट आहे, यात शंका नाही; पण ती त्याची निवड नसते. चिवटपणा हा गरिबांकडून अपेक्षिण्याचा गुण नव्हे. तो त्यांना उपलब्ध करून देण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी पैसा, ज्ञान व जमीन या तिन्हींची तरतूद करावी लागते.

जमिनीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. उद्या हटवले जाण्याची भीती असलेले कुटुंब भिंतीत लोखंडी सळई घालण्यावर खर्च करीत नाही. ओडिशाने २०१७ मध्ये झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे हक्क देणारा कायदा केला. शहरी गरिबांच्या घरांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तो एखाद्या बांधकाम नियमाइतकाच परिणामकारक ठरू शकतो. हक्काचा कागद हा घराचा न दिसणारा पाया असतो.

तीन कोटी घरांपुढील प्रश्न

ग्रामीण आवास योजनेच्या रचनेत या विचाराला अनुकूल असे बरेच काही आधीपासूनच आहे. रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यात जाते. ठेकेदाराला काम न देता कुटुंबाने स्वतः घर बांधावे, असे नियम सांगतात. गवंडी प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे. ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' या नावाने विविध प्रदेशांतील हवामान, साहित्य आणि धोके लक्षात घेऊन तयार केलेल्या घरांच्या नमुन्यांचे संकलनही प्रसिद्ध केले आहे. माती आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामाला भूकंपरोधक कसे करावे, याविषयीची भारतीय मानके १९९३ पासून अस्तित्वात आहेत. २०१७ मधील दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबूला वन कायद्यातील 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आले, त्यामुळे त्याची तोड आणि वाहतूक सुलभ झाली.

म्हणजेच ज्ञान उपलब्ध आहे. अडचण ते घरापर्यंत पोचण्यात आहे. २०१६ मध्ये सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगरी व ईशान्येकडील राज्यांसाठी १ लाख ३० हजार रुपये, असे साहाय्य ठरले. २०२४ मध्ये नव्या दोन कोटी घरांना मंजुरी देतानाही हेच दर कायम ठेवण्यात आले. मधल्या आठ वर्षांत सिमेंट, लोखंड आणि मजुरी महाग झाली. हात आखडला की सर्वप्रथम काट बसते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांना, म्हणजे पायाला, भिंतीतील पट्ट्यांना आणि कोपऱ्यातील सळयांना. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात घर पूर्ण झालेले दिसते. पट्टी घातली की नाही, हे दिसत नाही. कच्छमध्ये हप्त्याआधी होणारी अभियंत्याची तपासणी म्हणूनच निर्णायक होती.

दुसरी अडचण एकसुरीपणाची आहे. नमुने अनेक असले, तरी ज्या साहित्याची मोजणी सोपी आणि ज्याचा गवंडी सहज मिळतो, तेच सर्वत्र वापरले जाते. परिणामी राजस्थानच्या वाळवंटात आणि आसामच्या पूरक्षेत्रात जवळजवळ सारखेच घर उभे राहण्याची शक्यता वाढते. एकाच जातीच्या वृक्षांची लागवड आणि एकाच नमुन्याची वसाहत यांच्यातील साम्य केवळ दिसण्यापुरते नाही. दोन्हींमध्ये जो दोष एका घटकात असतो, तोच सर्वांत असतो, आणि तो उघडकीस येतो तेव्हा एकाच वेळी सर्वत्र येतो.

या पार्श्वभूमीवर यशाचे मोजमाप बदलणे, ही पहिली गरज ठरते. किती घरे पूर्ण झाली, या आकड्याच्या जोडीला आणखी काही नोंदी आवश्यक आहेत. स्थानिक धोक्यांपैकी कोणते या घराने विचारात घेतले आहेत? त्याची दुरुस्ती गावातल्या गवंड्याला करता येईल काय? कुटुंब वाढल्यावर सुरक्षितपणे खोली वाढवण्याची सोय आहे काय? ते पडलेच तर कुटुंबाला रात्री कोठे आसरा मिळेल, आणि पुन्हा उभारणीसाठी पैसा व कागद त्याच्या हाती असेल काय? हे प्रश्न खर्चिक नाहीत. त्यांची उत्तरे गावपातळीवर, पंचायतीत, कनिष्ठ अभियंत्याच्या तपासणीत मिळू शकतात.

२०१९ मध्ये भारताच्या पुढाकाराने आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. पूल, वीजवाहिन्या आणि रुग्णालये यांच्या संदर्भात 'रेझिलियन्स' हा शब्द त्यामुळे सरकारी भाषेत स्थिरावला. देशातील सर्वांत विस्तीर्ण पायाभूत सुविधा मात्र कोट्यवधी साध्या घरांची आहे, आणि तिचे बांधकाम कोणत्याही महामंडळाकडे नसून कुटुंबांकडे व गवंड्यांकडे आहे. आपत्ती येते तेव्हा पहिल्या रात्री त्यांच्यापाशी दुसरे कोणीही नसते. मंजूर झालेली तीन कोटी घरे बांधली जात असताना या बांधणाऱ्यांच्या हाती किती ज्ञान, किती पैसा आणि किती निर्णयस्वातंत्र्य दिले जाते, यावरच ती केवळ पक्की राहतील की चिवटही होतील, हे ठरणार आहे.